‘तेव्हा आपण कोणाच्या बाजूला होतो?’

पत्र : आम्ही मूळचे साताऱ्याचे. गेली अकरा वर्षे अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातील लाउडन काउंटीत, अॅशबर्न येथे राहतो. मुलगी चौथीत आहे. यंदा तिला राज्याचा इतिहास आहे आणि सध्या गुलामगिरीचा भाग चालू आहे. परवा जेवताना तिने विचारले, “आई, तेव्हा आपण कोणाच्या बाजूला होतो?” मला उत्तर देता आले नाही. त्याच आठवड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या तिच्या एका गोऱ्या मैत्रिणीच्या आईने माझ्यापुढे सहीसाठी एक अर्ज ठेवला. ‘मुलांना आपल्या वंशामुळे अपराधी वाटेल असे काहीही वर्गात शिकवू नये,’ अशी मागणी त्यात स्कूल बोर्डाकडे केली आहे. बाई भल्या आहेत, अडीअडचणीला आमच्या मुलीला सांभाळतात. दुसरीकडे माझ्या ऑफिसातील एक कृष्णवर्णीय सहकारी म्हणते की, बोर्डाच्या पुढच्या बैठकीला ये आणि या अर्जाच्या विरोधात दोन मिनिटे बोल. माझे मिस्टर म्हणतात, आपण इथे पाहुणे, ना गोरे ना काळे, आपण या भांडणात पडायचेच कशाला? मी काय करावे?

ता. क. – मागे मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणखी एक अर्ज आला होता, मोठ्या मुलांच्या पुस्तकातील जातिव्यवस्थेचा भाग कमी करावा म्हणून. त्यावर मी फारसे न वाचता सही केली होती. आणि एक क्षुल्लक गोष्ट. गेल्या जूनमध्ये साताऱ्याला मुलीने मोरीवरच्या खिडकीतला कप काढून त्यात बोर्नव्हिटा करून घेतला. सासूबाईंनी तो तिच्या हातातून ओढून घेतला, “अगं, तो आपला नव्हे!” तो कामाच्या बाईंचा कप होता. मुलगी अजून विचारते, “आपला म्हणजे कोणाचा?”

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या एका शाळेत एकतीस वर्षे मी मराठी आणि इतिहास हे दोन विषय शिकवले. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे सहा-सहा महिने दोनदा तुमच्याच काउंटीत राहिले. त्यामुळे अॅशबर्नची एकसारखी टाउनहाउसे, दुपारी कोपऱ्यावर थांबणारी पिवळी बस आणि तिची वाट पाहत उभे असलेले आपल्याकडचे आजी-आजोबा माझ्या डोळ्यांसमोर आहेत. अर्जाला मुदत असेल, म्हणून आधी अर्जाचे पाहू.

तो अर्ज मी तुमच्या पत्रात दोनदा वाचला आणि माझी नजर त्यातल्या एका क्रियापदावर अडली : ‘वाटेल’. ‘तू गोरी आहेस म्हणून तू अपराधी आहेस, असे कोणत्याही मुलीला सांगू नये,’ असे त्यात लिहिले असते, तर डोळे झाकून सही करा, असे मी म्हटले असते. तसे सांगणारा शिक्षक चुकतोच, मग तो कितीही सद्हेतूने सांगत असो. पण शिक्षक काय सांगतो याचा बंदोबस्त करता येतो. मुलाला काय वाटेल याचा करता येत नाही. माणसांची विक्री होत असे, आईपासून मूल तोडून विकले जाई, १६६२ साली याच व्हर्जिनियाने कायदा करून ठरवले की मूल आईच्या पोटातूनच तिचा दर्जा घेऊन येईल, म्हणजे आई गुलाम तर मूलही गुलाम, मग बाप मळ्याचा गोरा मालक का असेना – हे ऐकून नऊ वर्षांच्या मुलीला काहीच वाटले नाही, तर मला त्या मुलीची काळजी वाटेल. ‘वाटेल’ हे माप लावले की प्रत्येक खरा धडा कोणा ना कोणाच्या तक्रारीने बाद होऊ शकतो. त्या अर्जावर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्या बाईंना ‘वर्णद्वेष्ट्या’ समजण्याचेही काही कारण नाही. त्यांना आपल्या लेकीने घरी येऊन रडू नये असे वाटते, आणि हे कोणत्या आईला वाटत नाही?

त्यांच्या भीतीमागे जे राजकारण आहे, ते थोडक्यात सांगते, कारण अर्धवट माहितीवर या विषयात फार बोलले जाते. ‘क्रिटिकल रेस थिअरी’ हे नाव तुम्ही ऐकले असेल. अमेरिकेतील कायद्याच्या महाविद्यालयांत १९७० आणि ८० च्या दशकांत डेरिक बेल, किंबर्ली क्रेन्शॉ आदी अभ्यासकांनी मांडलेला तो विचार आहे. वर्णभेद हा व्यक्तींच्या मनातील द्वेषापुरता नसून कायद्यांच्या आणि संस्थांच्या रचनेतही मुरलेला असतो, असे तो सांगतो. चौथीच्या वर्गात तो कोणी शिकवत नाही. पण २०१९ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १६१९ हे, व्हर्जिनियात पहिली आफ्रिकी माणसे विकायला उतरवली गेली ते वर्ष, केंद्रस्थानी ठेवून अमेरिकेच्या इतिहासाची मांडणी केली, २०२० साली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थांच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येनंतर शाळांनी घाईघाईने वर्णभेदावरची प्रशिक्षणे सुरू केली (त्यातली काही उथळ होती, हे मान्य केले पाहिजे), आणि मग ते नाव सरसकट सगळ्याच गोष्टींना चिकटले. २०२१ च्या उन्हाळ्यात तुमच्याच काउंटीच्या बोर्डाच्या बैठकांतील आरडाओरडा देशभरच्या टीव्हीवर दिसला, त्याच वर्षी ग्लेन यंगकिन हा मुद्दा घेऊन राज्यपालपदाची निवडणूक जिंकले आणि १५ जानेवारी २०२२ रोजी, पदग्रहणाच्या दिवशीच, त्यांनी ‘मूलतः फूट पाडणाऱ्या संकल्पना’ शाळांतून काढण्याचा आदेश काढला. गंमत अशी की गुलामगिरीची आणि वर्णविलगीकरणाची भीषणता मुलांना शिकवलीच पाहिजे, असे त्याच आदेशात लिहिले आहे. म्हणजे कागदावर दोन्ही बाजू ‘इतिहास शिकवा’ असेच म्हणतात. अडचण व्हर्जिनियातील चौथीच्या बाईंची झाली. आपला कोणता धडा फूट पाडणारा ठरेल, हे त्यांना नेमके कळेना. त्याच महिन्यात सरकारने पालकांना शिक्षकांविरुद्ध तक्रारी पाठवण्यासाठी एक ई-मेल पत्ताही दिला होता, तो काही महिन्यांत बंद झाला. पण अशा हवेत शिक्षक काय करतो, ते मी शिक्षिका म्हणून सांगू शकते. तो धडा वगळत नाही. तो धडा वाचून दाखवतो, पुस्तक मिटतो आणि ‘काही शंका?’ असे न विचारता घड्याळाकडे पाहतो.

आणि सौम्य केलेला इतिहास कसा दिसतो, हे पाहायला तुम्हाला दूर जावे लागणार नाही. १९५० च्या दशकात व्हर्जिनिया राज्याने समिती नेमून स्वतःच्या इतिहासाची पाठ्यपुस्तके लिहून घेतली होती. त्यातील सातवीच्या पुस्तकात एक चित्र होते : जहाजाच्या डेकवर नीटनेटक्या कपड्यांतले एक आफ्रिकी कुटुंब उभे आहे आणि एक गोरा गृहस्थ कुटुंबप्रमुखाशी हस्तांदोलन करतो आहे. पाहुणे मुक्कामाला आले असावेत, असा देखावा. ही पुस्तके १९७० च्या दशकापर्यंत वर्गांत होती, म्हणजे ती वाचून मोठे झालेले लोक आज तुमच्या काउंटीत आजोबा-आजी आहेत आणि बोर्डाच्या बैठकांना येतात. पुढे २०१० साली चौथीच्याच एका पुस्तकात, अमेरिकेच्या यादवी युद्धात हजारो कृष्णवर्णीय सैनिक गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढले, असे चुकीचे छापून आले. हे पकडले ते एका आईने. तिच्या मुलीच्या दप्तरात ते पुस्तक होते आणि ती आई, कॅरल शेरिफ, विल्यम अँड मेरी महाविद्यालयात इतिहास शिकवत होती. लेखिकेने ही माहिती इंटरनेटवरून घेतल्याचे निष्पन्न झाले. पालकांनी वर्गात काय चालते यात लक्ष घालू नये, असे मी म्हणत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच. लक्ष जरूर घालावे. दप्तर उघडून, पान वाचून घालावे.

पद्धतीवर हरकत घेण्याची वेळही येते. २०१९ च्या फेब्रुवारीत लाउडन काउंटीतल्याच एका प्राथमिक शाळेत, खेळाच्या तासाला, गुलामगिरीतून पळून जाण्याचा ‘अडथळ्यांचा खेळ’ मुलांकडून खेळून घेतला गेला. मुलांनी गुलाम व्हायचे आणि रिंगणे-दोऱ्या ओलांडत पळायचे. कृष्णवर्णीय पालक संतापले, शाळेला माफी मागावी लागली. त्या शिक्षकांच्या मनात वाईट काही नसेल, पण ज्या मुलाची खापरपणजी खरोखर अशी पळाली असेल, त्याला शिट्टीच्या तालावर पळायला लावणे हा शिकवण्याचा मार्ग नव्हे. गोऱ्या मुलांना एका रांगेत आणि इतरांना दुसऱ्या रांगेत उभे करून ‘तुम्हाला काय काय फुकट मिळाले’ ते मोजायला लावणेही मला मान्य नाही. मूल हे कोणत्याही समाजाचे वकील किंवा आरोपी म्हणून वर्गात येत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट अशी करा की, त्या शेजारच्या बाईंना चहाला बोलवा आणि नेमके कोणते पान, कोणती कार्यपत्रिका त्यांच्या मुलीला लागली, ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘असे ऐकले’ असे येते. पान असेल तर दोघींनी मिळून वर्गशिक्षिकेला लिहा, भेटीची वेळ मागा, मुली वर्गात काय करतात ते त्यांच्याच तोंडून ऐका. एखादा खेळ किंवा नाट्यछटा खटकली, तर तेवढीच हरकत लेखी द्या. मला खात्री आहे की ‘वाटेल’चा अर्ज बाजूला पडून त्या जागी दोन ओळींचे एक समंजस पत्र तयार होईल, आणि झालेच नाही, तर ‘मला हे पटत नाही’ असे त्यांना चहाच्या कपावर सांगणे सहीच्या कागदावर सांगण्यापेक्षा सोपे जाईल. बोर्डापुढे बोलण्याविषयी माझा आग्रह नाही. माइकपुढे दोन मिनिटे बोलणे हे काहींना जमते, काहींना नाही. पण सहकारी मैत्रिणीला ‘मला वेळ नाही’ अशी सबब सांगू नका. बोलणार नसाल तर तिच्याबरोबर जाऊन शेजारच्या खुर्चीवर बसा.

मुलींना अपराधी वाटेल का, या प्रश्नावर मला माझीच एक आठवण सांगावीशी वाटते. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या चाळीत एक बंगाली कुटुंब राहायला आले. त्या वहिनी बाळाला झोपवताना एक अंगाई म्हणत. सूर फार गोड होता, म्हणून मी अर्थ विचारला. त्या क्षणभर घुटमळल्या आणि मग म्हणाल्या : बाळ झोपले, आळी शांत झाली, बर्गी देशात आले, धान पाखरांनी खाल्ले, आता सारा कशाने भरू? बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, गावे जाळली, लुटली, आणि शेवटी नबाबाने ओरिसा सोडून वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली. आमच्या वर्गात हाच भाग मी ‘मराठी सत्तेचा पूर्वेकडे विस्तार’ या मथळ्याखाली, फळ्यावर बाण काढून, अभिमानाने शिकवत असे. त्या दिवशी मला अपराधी वाटले का? नाही. मी काही भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांच्याबरोबर घोड्यावर नव्हते. पण आपला बाण जिथे जाऊन टेकतो तिथेही एक घर असते, त्यात एक आई असते, आणि अडीचशे वर्षांनीही ती आपल्या नावाने मुलाला निजवते, हे मला तेव्हा कळले. दुसऱ्या वर्षी मी बाण काढला आणि अंगाईचा अर्थही सांगितला. वर्ग हसत होता तो गप्प झाला. कोणी रडले नाही, आणि महाराजांवरचे कोणाचे प्रेमही कमी झाले नाही.

आता तुमच्या मिस्टरांचे म्हणणे. पाहुणे घराचा कर भरत नाहीत, तुम्ही भरता. आणि काउंटीच्या शाळा बऱ्याच अंशी त्या करावर चालतात. ‘ना गोरे ना काळे’ हे मात्र अधिक विचार करण्याजोगे आहे. अॅशबर्न रोडवर लाकडी भिंतींची, एका खोलीची एक जुनी शाळा आहे, ती तुम्ही येता-जाता पाहिली असेल. १८९२ साली ती कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधली गेली आणि १९५० च्या दशकापर्यंत चालली. मुलगा मला तिथे घेऊन गेला तेव्हा मला माझी पहिली शाळा आठवली. तशीच उंच खिडक्यांची, आत मोजून पंचवीस मुले मावतील अशी. २०१६ साली, तिचे जतन करण्याचे काम चालू असताना, पाच मुलांनी रात्री तिच्या भिंतींवर नाझी चिन्हे आणि ‘गोऱ्यांची सत्ता’ अशा घोषणा रंगवल्या. मुले सोळा-सतरा वर्षांची होती. त्यांना न्यायालयाने वर्षभर दर महिन्याला एक पुस्तक वाचून त्यावर लिहिण्याची आणि वॉशिंग्टनमधील होलोकॉस्ट संग्रहालय पाहून येण्याची शिक्षा दिली, ही बातमी जगभर गाजली. जे कमी गाजले ते असे की, त्या पाचांपैकी दोघेच गोरे होते, आणि भिंतीवर ‘तपकिऱ्यांची सत्ता’ असेही लिहिलेले होते. ती मुले द्वेषाने पेटलेली होती, असे सरकारी वकिलांनाही वाटले नाही. आपण काय रंगवतो आहोत, हेच त्यांना धड ठाऊक नव्हते, असे त्यांचे मत पडले. ती भिंत कशाची आहे, हे त्यांना कोणत्याही तासाला कोणी सांगितले नव्हते बहुधा. तेव्हा, ‘ना गोरे ना काळे’ असलेल्या मुलांनी या धड्याच्या वेळी वर्गाबाहेर उभे राहायला हरकत नाही, असे मला तरी म्हणवत नाही.

मुलीच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते तिला समजेल असे आहे. १६१९ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसहून थोडी अधिक आफ्रिकी माणसे उतरवून धान्याच्या बदल्यात दिली गेली, तेव्हा तिचे कोणीही तिथे नव्हते. हे आधी सांगा, त्याने तिचा जीव भांड्यात पडेल. पण तिथेच थांबू नका, कारण पुढे ‘आपले’ लोक गेले आणि त्यांनाही कोणती तरी बाजू घ्यावी लागली. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबातून तिकडे गेलेले भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वाचा खटला चालला. तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. कायदाच अन्याय्य आहे, असे म्हणण्याची ती जागा नव्हती, पण जो युक्तिवाद केला गेला तो ऐकण्यासारखा आहे : आपण उच्च जातीचे आर्य आहोत, सबब गोरे आहोत. त्यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. न्यायालयाने दावा फेटाळला, आणि त्यानंतर ज्या भारतीयांना नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही काढून घेण्याचे खटले सुरू झाले. खुद्द पंडितांवरही झाला, तो त्यांनी जिंकला. म्हणजे दाराशी उभे राहून आपण आपली जात दाखवली, आणि दार उघडले नाही. ते १९४६ साली जरासे किलकिले झाले, आणि खरे उघडले १९६५ साली, देशोदेशींचे कोटे रद्द करणाऱ्या कायद्याने. त्याच्या आदल्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता, आणि तो कोणाच्या मोर्च्यांमुळे, कोणाच्या तुरुंगवासामुळे झाला, हे तुमची मुलगी याच वर्षी वर्गात शिकणार आहे. आपल्याकडच्या लोकांना तिथे ग्रीन कार्ड मिळू लागले ते याच वाटेने.

तिला एखादी जागा दाखवायची असेल तर फार्मव्हिलला घेऊन जा, गाडीने तीनेक तासांवर आहे. १९५१ च्या एप्रिलमध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने मुख्याध्यापकांना युक्तीने शाळेबाहेर धाडून सगळ्या मुलांची सभा भरवली आणि संप पुकारला. एकशेऐंशी मुलांच्या शाळेत साडेचारशे मुले कोंबलेली होती, बाकीचे वर्ग डांबरकागदाच्या खोपटांत भरत. त्या संपातून उभा राहिलेला खटला पुढे सर्वोच्च न्यायालयातील ‘ब्राउन’ खटल्यात सामील झाला आणि १९५४ साली सरकारी शाळांतील वर्णविलगीकरण घटनाबाह्य ठरले; त्यावर त्या काउंटीने काय केले, तर १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. आज ती इमारत संग्रहालय आहे. शेजारच्या मुलीलाही बरोबर न्या. आणि त्या मुलीला वाटेत रॉबर्ट कार्टरची गोष्ट सांगा : पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या आणि स्वतः गुलाम बाळगणाऱ्या जेफरसनच्याच काळात, याच व्हर्जिनियात, या बड्या जमीनदाराने १७९१ साली कागद करून आपले साडेचारशेहून अधिक गुलाम मुक्त करायला घेतले. ‘त्या काळी सगळेच तसे होते’ हे खरे नाही, हे तिच्यासाठीच अधिक उपयोगाचे आहे. तिच्याही ‘आपल्या’ लोकांत निवड करणारे कोणी होते.

आता ता. क. त्याला तुम्ही क्षुल्लक म्हणता. मला तुमचे पत्र तिथेच सुरू झाल्यासारखे वाटले.

दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचा. ‘आमच्या मुलांना लाज वाटते, वर्गात चिडवतात, म्हणून हा भाग कमी करा’ – हे वाक्य गोऱ्या आईचे आहे की आपले, ते ओळखू येत नाही. कॅलिफोर्नियात २००५-०६ साली आणि पुन्हा २०१६ साली, भारतीय पालकांच्या काही संघटनांनी पाठ्यपुस्तकांतील जातीविषयीच्या मजकुरावर हेच म्हणणे मांडले होते, आणि दलित पालकांनी त्याच सभागृहात उभे राहून उलट बाजू सांगितली होती. मुलांना चिडवले जाते हे खरे असते. चिठ्ठ्या काढून वर्गात वर्ण वाटून देण्याचा खेळ कोणी घेत असेल, किंवा ‘तुझी जात कोणती?’ असे सर्वांसमोर विचारत असेल, तर मी तुमच्याबरोबर तक्रारीवर सही करीन. पण धडाच कमी करा, असे म्हणताना तुमच्या मंडळातील एखाद्या घराचा विचार झाला होता का, ज्या घराने गणपतीला पाच वर्षे येऊनही आपले आडनाव अर्धेच सांगितले आहे? सही मागे घेता येते. ग्रुपवर वाद घालू नका. ज्यांनी अर्ज केला त्यांना कळवा की मी न वाचता सही केली होती, आता वाचला, माझे नाव काढा.

यात मला तुमच्याहून शहाणे ठरायचे नाही. वर्षानुवर्षे मी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह, २० मार्च १९२७, दोन ओळींत संपवत असे, आणि त्याआधी एक वाक्य घालत असे : ‘पूर्वी समाजात अस्पृश्यता पाळली जात असे.’ एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “बाई, कोण पाळत असे?” व्याकरणाच्या तासाला कर्मणी प्रयोग मीच शिकवला होता, कर्ता गाळता येतो, ही त्याची सोय. २०१५ साली टेक्सासमधील एका पुस्तकात, गुलामांच्या व्यापाराने आफ्रिकेतून लाखो ‘मजूर’ आणले, अशी ओळ नकाशाशेजारी छापली गेली होती आणि एका विद्यार्थ्याने तिचा फोटो काढून आईला पाठवला, तेव्हा प्रकाशकाला ती बदलावी लागली. ते वाचताना मला तो मागचा बाक आठवला. त्या मुलाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. घंटा झाली, आणि मला बरे वाटले.

आपल्या भाषेत या गोष्टीचा आरंभ खरे तर फार उमदा झाला आहे. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केले, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशाही तिथेच नोंदवली. पुण्यात बसून, बोट न चढता, त्यांनी व्हर्जिनियाच्या मळ्यांकडे पाहिले आणि लगेच मान वळवून स्वतःच्या आळीकडे पाहिले. तुमची मुलगी नेमके तेच करते आहे. एका हातात तिच्याकडे चौथीचे पुस्तक आहे, दुसऱ्या हातात तो कप, आणि दोन्हीकडे ती ‘आपण’ हाच शब्द विचारते आहे. इंग्रजीत तिला एकच ‘वुई’ मिळतो. मराठीत समोरच्याला वगळून बोलायचे तर ‘आम्ही’ आणि त्याला धरून बोलायचे तर ‘आपण’. सासूबाईंनी ‘आपला’ म्हटले तेव्हा ती बाई दारात उभी होती का, ते तुम्ही लिहिलेले नाही.

मुलीला खरे सांगा, लहान वाक्यांत आणि कर्त्यासह. ‘आपल्या घरात त्यांचा कप वेगळा ठेवतात. आजी ठेवते. आजीच्या सासूनेही ठेवला. त्या वेगळ्या जातीच्या आहेत म्हणून ठेवतात. ते चूक आहे. मला ते माहीत होते आणि मी काही बोलले नाही.’ शेवटचे वाक्य गाळू नका, बाकीची मग तिला खरी वाटतील. ‘त्यांची तशी सवय आहे’, ‘स्वच्छतेसाठी’ अशी उत्तरे देऊ नका. नऊ वर्षांच्या मुलीला ती पुरत नाहीत, आणि तेराव्या वर्षी ती आठवतात. सासूबाईंशी मात्र आधी फोनवर, एकट्याने बोला. नातीसमोर त्यांना खाली मान घालायला लावून काहीच साधणार नाही, आणि त्या स्वतःच कधी तरी बाजूला बसवल्या गेलेल्या बाई आहेत, महिन्यातले चार दिवस. तिथून बोलणे सुरू केलेत तर त्या ऐकतील, असे माझा अनुभव सांगतो. जूनमध्ये गेलात की मोरीवरच्या खिडकीतला कप मांडणीवर कोण ठेवतो, ते आपोआप घडू द्या.

आणि एक. हे सदर छापायला देताना पत्रातील नावे गाळण्याचा आमचा शिरस्ता आहे, त्याप्रमाणे मुलीचे, मिस्टरांचे, सासूबाईंचे, शेजारच्या बाईंचे आणि सहकारी मैत्रिणीचे अशी पाच नावे मी खोडली. १६१९ साली उतरवलेल्या त्या माणसांची त्या पहिल्या नोंदीत नुसती संख्या आहे, नावे नाहीत. ज्यांचा तो कप होता, त्यांचे नाव मला खोडावे लागले नाही. ते पत्रात नव्हतेच. या रविवारी साताऱ्याला फोन लावाल, तेव्हा ते मुलीला विचारू द्या.